लाकडावरची सही

बँकेतल्या नोकरीची माझी सुरुवातीची वर्षे सह्या पाहण्यात गेली. क्लिअरिंगचा गठ्ठा आला की एका हातात चेक, दुसऱ्या हातात नमुना सहीचे कार्ड, आणि डोळे या सहीवरून त्या सहीवर. शाखेत तेव्हा संगणक नव्हते. माझे पहिले साहेब सांगत, "बाई, अक्षरं वाचू नका. अक्षरं चोरालाही काढता येतात. हात कुठे थांबलाय, कुठे घसरलाय, ते बघा." मी तसे बघायला शिकले. पुढे पुढे तर नाव वाचण्याआधीच सही ओळखू येई. गर्दीत लांबून नुसत्या चालीवरून आपण आपले माणूस ओळखतो ना, तशी.

त्याच सुमारास घरी, गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत, माझा धाकटा भाऊ अगदी हेच काम करीत बसलेला असे. फरक इतकाच, की त्याच्यापुढे चेकऐवजी विलायती मासिकांची पाने असत आणि सहीच्या जागी असे गिटार.

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे परदेशी संगीताची मासिके यायची. ती कुठून येत, देव जाणे. कधी मुखपृष्ठ फाटलेले, कधी मधली पाने गायब. कॉलेजात डब्याऐवजी मिळणारे पैसे वाचवून हा ती आणायचा. त्याच्याकडे स्वतःची अशी एक साधी, कलकत्त्याला बनलेली गिटार होती. कावेलमधल्या एका गोवेकर मास्तरांकडे तो आठवड्यातून दोनदा शिकायला जाई. विजेवर वाजणारी गिटार मात्र त्याला कधीच घेता आली नाही. ती तो फक्त चित्रांत बघायचा, तेही भिंग लावून.

१९८३ च्या एका रविवारी त्याने मला हाक मारली. "ताई, तुझी ती बँकेची नजर जरा इकडे दे." समोर दोन फोटो होते. एकात ‘फ्लीटवुड मॅक’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा पीटर ग्रीन, दुसऱ्यात आयर्लंडचा गॅरी मूर. "दोघांच्या हातातली गिटार बघ. एकच आहे." मला दोन्ही सारख्याच दिसल्या, पण अशा गिटारी तर कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडल्या असतील. तो हसला. तारांची थरथर पकडून तिची वीज करणाऱ्या चुंबकाच्या दोन चपट्या पेट्या या गिटारीवर बसवलेल्या असतात. त्यांना म्हणतात पिकअप. मानेजवळच्या पिकअपवरची स्क्रूंची रांग नेहमी मानेच्या बाजूला असते. या गिटारीत ती उलट्या बाजूला होती. दोन्ही फोटोंत. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. सही जुळत होती.

भावाचे म्हणणे खरेच होते. १९५९ सालची ती गिटार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर ग्रीनने तरुण गॅरी मूरला अगदी अल्प मोबदल्यात देऊन टाकली होती. त्या पिकअपच्या आतला चुंबकही उलटा असल्याने दोन्ही पिकअप एकदम चालू केले, की तिच्यातून काहीसा नाकातला, पोकळ, पण काळजाला हात घालणारा आवाज येई. एकाच्या चुकीने किंवा दुरुस्तीने झालेला दोष हीच तिची ओळख ठरली. पण त्या रविवारी मी एवढेच म्हटले, "बरं, मग पुढे काय? ही गिटार तुला मिळणार आहे का?"

हा प्रश्न मी त्याला बरीच वर्षे विचारीत राहिले. आज वाटते, प्रश्नच चुकीचा होता.

ज्यांना या विषयाची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. भरीव लाकडाची, विजेवर वाजणारी गिटार बाजारात रुळली ती १९५० नंतर. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. गंमत अशी, की त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५० साली आणलेली गिटार पुढल्या वर्षी ‘टेलिकास्टर’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यामागून १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. तिकडे मिशिगनमधल्या कलामाझूच्या गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल या नामवंत वादकाच्या नावाची गिटार काढली. १९५८ ते १९६० या काळात तिला पुढून तांबडा-पिवळा, मावळतीच्या आभाळासारखा रंग देत. त्या रंगाला म्हणतात ‘सनबर्स्ट’. किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. खप बेताचाच, म्हणून कंपनीने लवकरच तिचा आकारही बदलून टाकला. त्या तीन वर्षांत अशा गिटारी किती झाल्या? जाणकारांचा अंदाज सुमारे दीड हजारांचा आहे.

आता या दीड हजार गिटारींत एक दुसरीसारखी नाही. त्यांच्या दर्शनी भागावर मेपल लाकडाचे पातळ आवरण असे. बहुधा एकाच फळीचे दोन काप काढून, पुस्तक उघडावे तसे ते मधोमध जोडत. काही मेपलच्या अंगात मुळातच आडव्या लहरी असतात, वाघाच्या पट्ट्यांसारख्या. त्या कुठे वळतात, कुठे तुटतात, कुठे अचानक दाट होतात, हे त्या झाडाने ठरवलेले. त्यात भर रंगाची. त्या काळचा तांबडा रंग उन्हाला टिकत नसे. दुकानाच्या काचेत टांगलेली गिटार काही वर्षांत मधासारखी पिवळी पडे आणि पेटीत झाकून राहिलेली तशीच लाल राही. प्लास्टिकची पट्टी काढली, की तिच्याखाली मूळ लाली अजून दिसते. बांगडी काढल्यावर मनगटावर गोरा पट्टा दिसावा तशी. म्हणजे कारखाना एक, साल एक, किंमत एक, आणि तरी प्रत्येकीचा चेहरा वेगळा.

हे चेहरे पाठ असणारी माणसे जगभर आहेत. अमेरिका, इंग्लंड, जपान इथले संग्राहक जुन्या मासिकांतले मैफलींचे फोटो, रेकॉर्डची वेष्टने, कंपन्यांच्या जुन्या जाहिराती भिंगाखाली घालून बसतात. १९९० च्या दशकात जपानमध्ये यासुहिको इवानादे यांनी या सनबर्स्ट गिटारींच्या फोटोंचे एक देखणे पुस्तक काढले. त्याची पाने उलटून "ही तर अमक्या वादकाची, १९६८ च्या त्या फोटोतली" असे ओळखण्यात लोकांच्या रात्री गेल्या आहेत. आमच्या घरी हेच चाले तेव्हा आई म्हणायची, "पोरींचे फोटो बघण्याच्या वयात हा लाकडं बघतो." तिला यात काळजीचे वाटे की समाधानाचे, ते कधी कळले नाही.

हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे मलाही वाटायचे. पण बँकेत राहिल्यामुळे एक गोष्ट मला लवकर पटली. जिथे पैसा येतो तिथे खोटे येते आणि जिथे खोटे येते तिथे ओळखणाऱ्याची गरज लागते. या गिटारींचा अनुक्रमांक मानेच्या टोकाला मागल्या बाजूस नुसत्या शाईने उमटवलेला असे. तो पुसता येतो, नवा घालता येतो. १९५२ ते ५७ च्या, सोनेरी रंगाच्या कमी किमतीच्या गिटारी घेऊन त्यांना सनबर्स्टचे रूप देण्याचा उद्योगही झालेला आहे. कुणी तो उघड सांगून करतो, कुणी न सांगता. आकडा खोटा करता येतो, रंग खोटा करता येतो, कागदपत्रे तर करताच येतात. पण लाकडातली रेघ कोण काढणार? जुन्या फोटोतली लहर आणि समोरच्या लाकडातली लहर एक असेल, तर गिटार तीच. नसेल, तर विकणाऱ्याने कितीही शपथा घेवोत. ही झाडाने केलेली सही आहे, तिची नक्कल होत नाही.

जॉन लेननच्या गिटारीची हकीकत तर प्रत्येक बँकवाल्याने वाचावी अशी आहे. १९६२ च्या सप्टेंबरात लिव्हरपूलच्या एका दुकानातून लेनन आणि जॉर्ज हॅरिसन या दोघांनी अमेरिकेहून मागवलेल्या, एकाच जातीच्या दोन गिब्सन गिटारी घेतल्या. दिसायला साध्या गिटारीसारख्या, पण पिकअप लावलेल्या. पुढच्याच वर्षी, १९६३ च्या डिसेंबरात, लंडनच्या नाताळच्या कार्यक्रमांच्या धामधुमीत लेननची गिटार नाहीशी झाली. काही वर्षांनी ती अमेरिकेत सॅन दिएगोतल्या एका माणसाच्या घरी होती. त्याने ती साठच्या दशकाच्या अखेरीस ओळखीतल्या एकाकडून १७५ डॉलरना घेतलेली. ती कुणाची, हे त्याला ठाऊक नव्हते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे तो ती वाजवत होता. मग २०१४ साली एका गिटारविषयक मासिकाचा जुना अंक चाळताना हॅरिसनच्या गिटारींवरचा लेख त्याच्या नजरेस पडला. चित्रातली गिटार थेट आपल्याकडच्या गिटारीची जुळी! तज्ज्ञांनी जुने फोटो आणि लाकडाच्या रेघा ताडून पाहिल्या. सही पटली. २०१५ च्या नोव्हेंबरात ती लिलावात २४ लाख १० हजार डॉलरना गेली. मासिकाचे एक पान उलटले नसते, तर ती आजही कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत "आमची जुनी गिटार" म्हणून उभी असती.

आणि रँडी बॅकमन. कॅनडाच्या या वादकाने तरुणपणी गवत कापण्यासारखी किरकोळ कामे करून चारशे डॉलर साठवले आणि नारिंगी रंगाची, १९५७ सालची ग्रेच कंपनीची गिटार घेतली. १९७६ साली टोरोंटोच्या एका हॉटेलातून ती चोरीला गेली. त्या दुःखात त्याने पुढे त्याच कंपनीच्या शेकडो गिटारी जमवल्या. एकही ‘ती’ नव्हती. मग करोनाच्या काळात त्याच्या एका चाहत्याने घरबसल्या शोध सुरू केला. जुन्या फोटोंत गिटारीच्या लाकडात एक बारीकशी काळी गाठ दिसत होती. चेहरे ओळखण्याचे संगणकीय तंत्र त्याने या गाठीसाठी वापरले, शेकडो चित्रे बाजूला सारली, आणि जपानमधल्या एका वादकाच्या, नाताळचे गाणे वाजवतानाच्या चित्रफितीत ती गाठ सापडली. जपानी वादकाला चोरीची काहीच कल्पना नव्हती. त्याच सालची, तशीच दुसरी गिटार त्याला देण्यात आली आणि १ जुलै २०२२ रोजी टोकियोतल्या कॅनडाच्या वकिलातीत बॅकमनच्या हाती त्याची गिटार आली. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळाने!

त्या दिवशी माझ्या भावाचा फोन आला. साठीला टेकलेला माणूस, पण आवाज लहान मुलासारखा. "ताई, सापडली!" मला क्षणभर वाटले, याचेच काहीतरी हरवलेले सापडले. त्याच्या दृष्टीने तसेच होते.

हे ऐकून कुणी म्हणेल, बाई, शेवटी हा सगळा पैशांचा खेळ. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलबरोबरच्या रेकॉर्डमध्ये सनबर्स्ट लेस पॉल वाजवली, त्या आवाजाने लोक वेडे झाले, आणि दुकानांत पडून राहिलेल्या गिटारींना भाव आला. (क्लॅप्टनची ती गिटार त्याच वर्षी चोरीला गेली. तिचे फोटो मोजकेच आहेत आणि संग्राहक अजून ते चाळीत असतात.) आज चांगल्या सनबर्स्टला लाखो डॉलर मोजावे लागतात. ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ साली ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली, त्याने ते पैसे पर्यावरणाच्या कामाला दिले, हा त्याचा मोठेपणा. या किमतीचे उपकार मी नाकारत नाही. किंमत आली नसती, तर यांतल्या कित्येक गिटारी रंग खरवडून, नवे भाग ठोकून, मोडून-तोडून संपल्या असत्या. त्यांच्या पडद्यांच्या पट्टीला वापरलेला ब्राझीलचा शिसव तर आता जंगलातूनही मिळणे नाही. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत, आणि नंतरच्या पुष्कळ गिटारींना त्याच्या जागी आपल्याकडचा शिसव बसला आहे. जे पुन्हा होणार नाही, ते जपले पाहिजे हे खरेच.

पण किंमत आणि ओळख या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि माझे सांगणे आहे ते एवढेच.

आमच्या शाखेत सोनेतारणाचे कर्ज असे. सराफ यायचा, कस लावायचा, वजन करायचा. ठुशी असो की पुतळ्यांची माळ, रजिस्टरमध्ये तिचे ग्रॅम होत. एकदा एक म्हातारी कर्ज फेडून आपली ठुशी सोडवायला आली. मी सीलबंद पिशवी तिच्यापुढे फोडली. तिने वजन विचारले नाही. ठुशी उलटी केली, मागच्या गोंड्याजवळ अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हीच माझी. इथे माझ्या सासूनं लाल दोरा घातलाय." आमच्या कागदावर तो दोरा कुठेच नव्हता. असणारही नव्हता. त्या दोऱ्याला वजन नव्हते.

संग्राहकांतही मला हे दोन प्रकार दिसतात. एक ग्रॅम बघणारा, दुसरा दोरा बघणारा. पहिला गिटार घेतो आणि तिजोरीत ठेवतो. त्याच्या दृष्टीने ती मुदतठेव, वाजवली तर व्याज कमी व्हायचे. दुसऱ्याकडे बहुधा गिटार नसतेच, फक्त फोटो असतात. पण चोरीला गेलेली गिटार घरी आली, ती या दुसऱ्यामुळे. खोटी गिटार पकडली गेली, ती यानेच. एखाद्या वस्तूचा इतिहास टिकतो तो तिच्या मालकामुळे कमी, तिला ओळखणाऱ्या परक्या माणसांमुळे जास्त. मालक बदलतात, मरतात, विकतात. ओळखणारा तिला एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बघत राहतो.

पीटर ग्रीनची ती गिटार गॅरी मूरने २००६ साली विकली. मधली काही वर्षे ती विक्रेत्यांच्या आणि संग्राहकांच्या हातांत फिरली. २०१४ साली ती ‘मेटॅलिका’च्या कर्क हॅमेटने घेतली, आणि तो ती चक्क रंगमंचावर वाजवतो. माझ्या भावाने त्याचा फोटो मला दाखवला. "स्क्रू बघ." मी बघितले. अजून उलटेच आहेत. ग्रीन आणि मूर दोघेही आता नाहीत, पण गिटार वाजते आहे. मला विचाराल तर अशा वाद्याचे यापेक्षा चांगले दुसरे काही होऊ शकत नाही. तिच्यावर ओरखडे उठतील, घाम लागेल, किंमत दोन पैसे उतरेल. उतरू द्यावी. न वाजणारी गिटार म्हणजे न वटलेला चेक. आकडा कितीही मोठा असो, त्यावर कुणी जेवलेले नसते.

आता एक कबुली द्यायची आहे. १९९४ साली आम्ही गिरगावची जागा सोडून डोंबिवलीला आलो. भाऊ तेव्हा मस्कतला नोकरीला होता. सामान बांधताना माळ्यावर त्याची मासिके निघाली, सुतळीने बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे, वर पेन्सिलीने साल लिहिलेले. रद्दीवाल्याने तराजू लावला. सव्वीस किलो भरली. वजन मी स्वतः नीट बघून घेतले. बँकेतली ना मी! त्याला पत्राने कळवले. त्याचे उत्तर आले, "बरं झालं, जागा झाली असेल." पुढे तीस वर्षांत त्याने एकदाही तो विषय काढला नाही. फक्त मागच्या भाऊबिजेला बोलता बोलता म्हणाला, "त्या दोन फोटोंतला ग्रीनचा फोटो मला पुन्हा कुठे दिसला नाही गं. दुसरे पुष्कळ दिसले. तो नाही."

ज्याने जगातल्या कुणाच्याही गिटारीची रेघ ओळखली असती, त्या माणसाचे गठ्ठे मी ओळखले नाहीत. मला दिसले ते सव्वीस किलो. सह्या तपासण्यात ज्या बाईची अर्धी नोकरी गेली, तिला घरातल्या माळ्यावर पेन्सिलीने लिहिलेली सही वाचता आली नाही.

नंतर फुटपाथवर, रद्दीच्या दुकानांत मी तो अंक शोधला. मिळाला नाही. मिळेल असेही वाटत नाही. पण एक सवय लावून घेतली आहे, आणि तीच सांगायला हा सगळा पसारा मांडला. दिवाळीच्या तोंडावर आपण सगळेच माळे आवरायला काढतो. जुनी वाद्ये, कॅमेरे, रेडिओ, वह्या, अंकांचे गठ्ठे खाली येतात आणि दारात रद्दीवाला उभाच असतो. त्याच्या तराजूत घालण्याआधी वस्तू हातात धरून घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारावे, "ही कुणाची, ओळखतोस का रे?" कुणीच ओळखले नाही, तर खुशाल द्यावी. पण कुणी दचकून पुढे आला, अंगठा फिरवून म्हणाला, "थांब, हिला इथे एक खूण आहे," तर तराजू परत पाठवावा.